घरत सरांचा झाकलेला आलेख

घरत सरांना ‘काय सर, सापडलं का काही?’ असं विचारायची सोय नव्हती. ते विचारणाऱ्याचा अपमान करत नसत, ओरडत तर कधीच नसत. फक्त चष्मा काढून पुसायला घेत आणि तो माणूस निघून जाईपर्यंत पुसत राहत. रेवसच्या बाजूच्या आगरी घरातला माणूस. बाहेर निघालेल्याला ‘कुठं चाललास’ म्हणून विचारू नये, काम बिघडतं, हे लहानपणापासून ऐकलेलं. पुढे पदार्थविज्ञानात पीएच.डी. केली, परदेशातल्या प्रयोगांवर तीस वर्षं काम केलं, पण ही एक गोष्ट काही अंगातून गेली नाही. ‘अंधश्रद्धा आहे, मला ठाऊक आहे,’ म्हणायचे, ‘तरी विचारू नका.’

गेल्या वर्षी होळीच्या आधी सर गेले. संस्थेत शोकसभा झाली, प्रत्येकाला दोन-दोन मिनिटं दिली होती. बहुतेकांनी त्यांच्या प्रामाणिकपणाचा तो एक प्रसंग सांगितला, कुणी थोडा मीठमसाला लावून, कुणी न लावता. माझं नाव पुकारलं तेव्हा घसा बसलाय असं सांगून मी सुटका करून घेतली. घसा ठणठणीत होता. पण मला जे माहीत आहे ते दोन मिनिटांत मावणारं नव्हतं, आणि सभेत बोलावं असंही नव्हतं.

मी मुंबईतल्या त्या संस्थेत संगणक सांभाळतो. मी शास्त्रज्ञ नव्हे; शास्त्रज्ञांची यंत्रं बंद पडली की ज्याच्या नावानं शिमगा होतो, तो मी. मूळचा श्रीवर्धनचा. बायको अलिबागला शाळेत शिकवते म्हणून बिऱ्हाड अलिबागला, आणि मी रोज रेवसच्या धक्क्यावरून लाँचनं भाऊच्या धक्क्याला. सरही त्याच लाँचनं यायचे. एवढ्या मोठ्या माणसाला संस्थेनं जागा दिली होती, ती त्यांनी कधी घेतलीच नाही. घरी आई होती आणि ती गाव सोडायला तयार नव्हती, एवढंच कारण. लग्न केलं नव्हतं. का, ते मी विचारलं नाही.

लाँचवर ते इंजिनाशेजारी बसत. तिथं डिझेलचा वास आणि कान किटवणारा आवाज, त्यामुळे गप्पा मारायला कुणी येत नसे. खांद्याला कापडी पिशवी, तिच्यात डबा, छत्री बारा महिने, आणि छापलेले शोधनिबंध. निबंध वाचायचे मागून. आधी शेवटची पानं, जिथं लेखकानं आपण कुठं कुठं चुकलेलो असू शकतो याचा हिशोब दिलेला असतो. तो पटला तर पुढची पानं, नाही पटला तर निबंध पिशवीत. ‘माणूस काय म्हणतो ते नंतर,’ म्हणायचे. ‘आधी बघावं, त्याला भीती कशाची वाटते.’

पहिले चार-पाच महिने आमचं बोलणं मान हलवण्यापलीकडे गेलं नाही. मग एका दुपारी परत येताना भर खाडीत लाँचचं इंजिन बंद पडलं. खलाशी खाली वाकून शिव्या देत खटपट करत होते, न्हावा शेव्याकडे निघालेली मोठाली जहाजं लांबून जात होती आणि त्यांच्या लाटांवर आम्ही हेलकावे खात होतो. त्या शांततेत सर बोलायला लागले. मी सहज म्हटलं होतं, की सर, तुमच्या लोकांचे प्रोग्रॅम माझ्या यंत्रांवर रात्रंदिवस चालतात, पण ते नक्की करतात काय, ते मला कुणी सांगितलेलं नाही.

ते म्हणाले, जगात जे जे दिसतं त्याची आमच्याकडे एक यादी आहे. सतरा कण आहेत, आणि त्यांनी एकमेकांशी कसं वागायचं ते ठरलेलं आहे. त्याला स्टँडर्ड मॉडेल म्हणतात. पन्नास वर्षं झाली, काहीही मोजा, यादीप्रमाणेच निघतं. मग चांगलंच आहे की, मी म्हटलं.

‘चांगलं कसलं? लग्नाला यादीतली माणसं तेवढी आली, सगळी जेवली, आणि भात बघावा तर पाचपट जास्त संपलाय. म्हणजे कुणीतरी जेवून गेलं, ते आपल्या यादीत नाही. आकाशातल्या दीर्घिकांकडं बघितलं की हे कळतं. आता ते कोण, ते शोधायचं.’

परदेशात जमिनीखाली एक प्रचंड वर्तुळाकार बोगदा आहे, तिथं प्रोटॉन एकमेकांवर आपटवतात. त्यातून जे बाहेर पडतं त्याचा आलेख काढला तर तो एका बाजूनं दुसऱ्या बाजूला गुळगुळीत उतरत जातो. यादीबाहेरचा एखादा जड कण असला, तर आलेखाला कुठंतरी एक फुगवटा येईल. सर तीस वर्षं तो फुगवटा शोधत होते, तीस वर्षं आलेख गुळगुळीत येत होता, आणि दरवेळी ते लोक निबंध लिहीत होते की अमुक वजनापर्यंत असा कण नाही. हजारो नावांचा निबंध, त्यात वर्णानुक्रमे कुठंतरी घरत. लाँच सुरू झाली तसे ते गप्प झाले. मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, की हा माणूस दमलाय.

पण दमला म्हणून सुटला नाही, आणि दुसऱ्याला सोडलंही नाही. एखादा आकडा तीनदा तपासल्याशिवाय त्यांच्या हातून पुढं जात नसे. मी दिलेला साधा अहवालसुद्धा, की अमुक यंत्र इतके तास बंद होतं, ते नोंदी काढून ताडून पाहत. सुरुवातीला मला राग यायचा. नंतर लक्षात आलं की घरच्या विजेच्या बिलालाही ते तीच वागणूक देतात.

त्यांच्या गावच्या शाळेनं एकदा त्यांचा सत्कार ठेवला. मलाही ओढून नेलं. स्टेजवर फलक होता, ‘देवकणाचा शोध लावणारे आपल्या गावचे सुपुत्र’. सरपंचांनी भाषणात त्याच्याही पुढं मजल मारली. सर बोलायला उठले, त्यांनी माइकची उंची नीट केली आणि सांगितलं, की तो कण हजारो लोकांनी मिळून शोधला, त्या कामात मी नव्हतो, मी दुसरं शोधत होतो, आणि मी जे शोधत होतो ते सापडलेलं नाही. मुलं टाळ्या वाजवायला हात वर करून बसली होती, ते हात तसेच राहिले. सरपंच हुशार माणूस. त्यांनी पटकन माइक घेतला, ‘सर फार विनयशील आहेत’ म्हणून सांगितलं आणि शाल घातली. परत येताना सर म्हणाले, ‘विनय कसला? मी रिझल्ट सांगितला.’

त्यांच्या आईला मी त्याच दिवशी भेटलो. ऐंशीच्या पुढची, वाकलेली, पण नजर लख्ख. सगळं आयुष्य मिठागरात गेलेलं, पायांच्या टाचा त्यानं फाटलेल्या. मला चहा दिला आणि मुलाला विचारलं, ‘गावला का रं काय?’ जगात हा प्रश्न विचारायची मुभा तिला एकटीला होती.

‘न्हाय आये.’

‘मंग तीस वर्सा काय लिवतस?’

‘न्हाय गावला, ह्येच लिवतो.’

म्हातारीनं माझ्याकडं बघितलं. ‘न्हाय गावला ह्येचा पन पगार देतात?’ म्हणाली, आणि स्वतःच हसली. मग म्हणाली, मिठागरान पन तसाच हाय, पानी भरायचा न बगत बसायचा, मीठ धरला त धरला, नायतर पाऊस येतो न सगला घेऊन जातो. सर खाली मान घालून चहा पीत होते. ती पुढच्या वर्षी गेली. बाराव्यानंतर सर पहिल्या दिवशी कामावर आले ते नेहमीच्याच लाँचनं, नेहमीच्याच जागी. आता मुंबईत राहायला काय हरकत आहे, असं मी म्हणालो. ‘आता सवय झाली,’ एवढंच उत्तर मिळालं.

आता तो प्रसंग. त्यासाठी त्यांच्या कामातली एक रीत सांगायला हवी, नाहीतर कळणार नाही. मला ती सरांनी त्यांच्या गावच्या देवळापुढं उभं राहून सांगितली होती. देवळात कौल लावतात. देवाच्या अंगावर उजवीकडं एक, डावीकडं एक फूल चिकटवायचं, प्रश्न विचारायचा, उजवं फूल पडलं की होकार, डावं पडलं की नकार. सर म्हणाले, आमचा एक चुलता होता, त्याला शेत विकायचं होतं. डावं पडलं. मग त्यानं प्रश्न बदलला, अर्धं विकू का? पुन्हा डावं. मग दिवाळीनंतर विकू का? असं करत करत सातव्या प्रश्नाला उजवं पडलं, आणि देवानं हो म्हटलं म्हणून तो शेत विकून मोकळा झाला.

‘आम्हीही तेच करतो,’ सर म्हणाले. ‘आलेख बघत बघत अटी बदलल्या, की हवा तिथं फुगवटा आणता येतो. मुद्दाम नाही, नकळत. म्हणून जिथं कण सापडण्याची शक्यता, तो आलेखाचा भाग झाकून ठेवायचा. बाजूचा भाग बघून सगळ्या अटी ठरवायच्या, त्या लिहून काढायच्या, दहा जणांनी त्या मान्य करायच्या, आणि मग सगळ्यांसमोर एकदाच झाकण उघडायचं. प्रश्न आधी, कौल मागून.’

झाकण म्हणजे प्रत्यक्षात प्रोग्रॅममधला एक साधा शब्द. चालू की बंद. पण त्या लोकांमध्ये त्याचा दरारा असा, की तरुण पोरं त्याबद्दल बोलताना आवाज खाली आणत.

सरांच्या निवृत्तीला सव्वा वर्ष राहिलं होतं. एका नव्या शोधाचं काम त्यांच्या गटाकडं होतं, ते आणि त्यांची शेवटची विद्यार्थिनी अनघा मिळून ते करत होते. तीस वर्षांत सरांनी झाकण उघडल्यावरचा निकाल स्वतः उभं राहून जगापुढं मांडला नव्हता. कधी दुसऱ्या देशाचा नंबर लागला, कधी आईचं आजारपण आलं. या वेळी सगळ्यांनी ठरवलं होतं, की घरतांनी मांडायचा. सापडो न सापडो. सरांनी दुकानातून एक नवा शर्ट आणला होता आणि मला दाखवला होता. एवढा आनंद मी त्यांच्या तोंडावर फार वेळा पाहिला नव्हता.

दुपारची वेळ होती, जेवणानंतरची. त्यांच्या खोलीतलं यंत्र कुरकुर करत होतं म्हणून मी त्यांच्या मागच्या टेबलावर बसलो होतो. सकाळी त्यांनी झाकण नीट काम करतंय का, हे बघायला कृत्रिम आकडे घालून ते बंद करून पाहिलं होतं. नंतर ते पुन्हा चालू करायला विसरले आणि तोच प्रोग्रॅम खऱ्या आकड्यांवर सोडला. तीनदा तपासणाऱ्या माणसानं त्या दिवशी एकदाही तपासलं नाही. खुर्ची सरकल्याचा आवाज आला म्हणून मी वळलो. त्यांनी संगणकाचा पडदा बंद केला होता आणि हात अजून त्याच्या बटणावरच होता.

मग म्हणाले, ‘मी बघितलं.’

काय बघितलं, ते मी विचारलं. अगदी सहज, तोंडातून निघून गेलं. त्यांनी चष्मा काढला, पण पुसला नाही, नुसता हातात धरून बसले. काय झालंय ते मला कळायला अर्धं मिनिट लागलं. मग मी ते बोललो, ज्याची मला आजही लाज वाटते. यंत्रांच्या नोंदी माझ्याकडे असतात. ही एक ओळ मी काढून टाकली तर कुणाला कळायचं कारण नाही, असं मी म्हणालो.

ते रागावले नाहीत. दमलेल्या आवाजात समजावून सांगितल्यासारखं म्हणाले, ‘अरे, अटी अजून ठरायच्यात. उद्या मी म्हणेन, ही रेघ इथं मारू या. ती मी अक्कल वापरून मारली की आज बघितलं म्हणून मारली, हे मलाच सांगता येणार नाही. मग काय करू?’

त्यांनी त्याच दुपारी साऱ्या गटाला पत्र लिहिलं. चार ओळी. माझ्या चुकीनं झाकलेला भाग माझ्या नजरेस पडला आहे. काय दिसलं ते मी कुणालाही सांगणार नाही. मी या कामातून बाजूला होत आहे. अनघाला त्रास झाला त्याबद्दल दिलगीर आहे. पत्र पाठवून त्यांनी डबा धुतला, पिशवी घेतली आणि नेहमीची लाँच पकडली. पुढं गटानं ठरवलं, की आहेत ते आकडे झाकलेलेच राहू द्यावेत, येत्या दोन वर्षांत नवे आकडे येतील, ते त्यात मिळवून मगच उघडावं. काम अनघाकडं गेलं, आणि सरांची खोली तिच्या खोलीपासून लांब, दुसऱ्या मजल्यावर.

इथपर्यंतची गोष्ट सभेत सगळ्यांनी सांगितली. पुढची कुणाला ठाऊक नाही.

पत्र गेल्यापासून संस्थेत एकच चर्चा. सरांना काय दिसलं? आणि पाहता पाहता सगळ्यांचं एकमत झालं, की फुगवटा दिसला. तर्क असा, की रिकामं दिसलं असतं तर त्यात लपवायचं काय होतं? माणूस एवढा गप्प कशाला बसला असता? कँटीनमध्ये लोक त्यांच्या तोंडाकडं बघून अंदाज बांधत. सर हसले तर फुगवटा मोठा, सर गंभीर तर फुगवटा नक्की. परदेशातले जुने सहकारी आडून आडून पत्रं लिहीत. सरांनी कँटीनमध्ये येणं बंद केलं, तर त्याचाही अर्थ तोच लावला गेला. अनघा तर पेटून उठल्यासारखी काम करत होती. तिला तिकडं परदेशात दुसरी चांगली जागा मिळत होती, ती तिनं नाकारली. तोंडानं ती कधी काही बोलली नाही, पण मला ठाऊक होतं, की ती सरांच्या न सांगितलेल्या शब्दावर विसंबून आहे.

आणि मीही. न्हावा शेव्याला बंदराजवळच्या एका कंटेनर यार्डात संगणक विभाग सांभाळायची नोकरी मला त्याच सुमारास चालून आली. रेवसहून तरीच्या होडीनं खाडीपलीकडं करंजाला उतरलं की पुढं फार लांब नाही. संध्याकाळी उजेडात घरी येता आलं असतं. बायको म्हणाली, डोळे मिटून घ्या. मीही इथल्या कामाला कंटाळलोच होतो. पण मनात एक किडा होता. खरंच काही सापडलं, तर ते माझ्या यंत्रांवर सापडेल. मी शास्त्रज्ञ नसेन, पण त्या दिवशी मी तिथं असेन. नातवंडांना सांगायला एक गोष्ट होईल.

एका संध्याकाळी लाँचवर मी सरांच्या शेजारी, इंजिनाजवळ जाऊन बसलो आणि सगळं सांगितलं. नोकरी कसली, पगार काय, बायको काय म्हणते. मग विचारलं, जाऊ की राहू? मी आणखी काही विचारत नव्हतो असं म्हटलं, तर ते खोटं होईल. सरांनाही ते कळलं होतं. रेवसचा धक्का दिसायला लागला तेव्हा त्यांनी पिशवी खांद्याला लावली.

‘तुझं तू ठरव,’ म्हणाले.

मी त्याचा अर्थ लावला. काही नसतं, तर या भल्या माणसानं मला जा म्हणून सांगितलं असतं. सांगत नाही, म्हणजे आहे. मी ती नोकरी नाकारली. बायको आठ दिवस माझ्याशी बोलली नाही.

सर निवृत्त झाले. निरोप समारंभात संचालकांनी डोळे मिचकावून म्हटलं, की घरतांनी काय बघितलंय ते आपल्याला लवकरच कळेल, आणि सगळे हसले. सरांनी तो नवा शर्ट घातला होता. भाषण दोन वाक्यांचं केलं. त्यानंतर लाँचवर इंजिनाशेजारची जागा रिकामी राहू लागली, मग तिथं कुणी मासळीच्या टोपल्या ठेवायला लागलं.

पुढं नऊ-दहा महिन्यांनी झाकण उघडलं. मोठ्या पडद्यावर, दोन-तीन देशांतली माणसं एकाच वेळी बघत होती. मीही मागं उभा होतो. अनघानं बटण दाबलं. आलेख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गुळगुळीत उतरत गेला. कुठंही काही नव्हतं. मग कुणीतरी म्हणालं, सरांना दिसलेला फुगवटा नव्या आकड्यांत विरून गेला असणार, असं होतं पुष्कळदा. ते सगळ्यांना पटलं. अनघा उठून बाहेर गेली. अर्ध्या तासानं परत आली आणि निबंध लिहायला बसली, की अमुक वजनापर्यंत असा कण नाही.

पुढच्या रविवारी मी तो आलेख छापून घेऊन सरांकडं गेलो. दुपारच्या उन्हात ते ओटीवर बसले होते. बारीक झाले होते, पायांवर सूज होती, दोन वाक्यं बोलली की थांबायला लागायचं. त्यांनी कागद घेतला आणि नेहमीप्रमाणे आधी आकडा कुठं किती चुकू शकतो ते दाखवणाऱ्या रेघा पाहिल्या. बाजूच्या भागाचा अंदाज कुणी काढला, ते विचारलं. अनघानं, म्हटल्यावर मान हलवली. ‘फार चांगलं काम केलंय पोरीनं,’ म्हणाले. ‘तिला सांग.’

मग मी विचारलं. आता सगळं छापून येणार होतं, आता विचारायला हरकत नव्हती. सर, तुम्हाला दिसलेला फुगवटा कुठं होता? बोट ठेवून दाखवा.

त्यांनी कागद मांडीवर ठेवला. ‘फुगवटा नव्हता रे. हे आहे तसंच होतं. गुळगुळीत.’

मला आधी ते नीट कळलंच नाही. कळलं तेव्हा राग आला. दोन वर्षं साऱ्या संस्थेला ज्याची आस होती ते तिथं नव्हतं, आणि हे त्या पहिल्या दुपारपासून या एका माणसाला ठाऊक होतं. अनघानं जागा नाकारली तेव्हा ठाऊक होतं. मी इंजिनाशेजारी बसून विचारलं, तेव्हाही ठाऊक होतं. बोललो असतो तर वाईट बोललो असतो.

तेच थांबत थांबत बोलले. ‘गुळगुळीत आहे, एवढं जरी म्हटलं असतं तरी संपलं असतं. अनघानं हात सैल सोडला असता. रिकाम्या घराला कोण कुलूप लावतं? अटी कशाही ठरल्या असत्या. मग हा जो आज तू आणलायस, त्या कागदाला काही किंमत राहिली नसती. तुला जा म्हटलं असतं, तर तू गेला असतास. तू गेल्यावर बाकीच्यांना कळायला किती वेळ लागला असता? त्या दिवशी घरी येऊन मी जेवलो नाही.’ पुन्हा थांबले. ‘आणि नवे आकडे यायचे होते ना. मला वाटायचं, त्यात काहीतरी निघेल. लोक माझ्याकडं बघून हसायचे तेव्हा मी मनात म्हणायचो, यांचं खरं होऊ दे आणि मी बघितलेलं खोटं ठरू दे.’

हे सगळं मला समजत होतं, आणि तरी राग जात नव्हता. दोन्ही एकदम होतं. तीस वर्षं नाही म्हणून लिहिणाऱ्या माणसाला त्याचं शेवटचं ‘नाही’ दोन वर्षं एकट्यानं पोटात ठेवावं लागलं, हे मला दिसत होतं. आणि बायकोचे ते आठ दिवसही दिसत होते.

मी निघालो तर ते एसटीच्या थांब्यापर्यंत येतो म्हणाले. नको म्हटलं, तरी आले. पाच मिनिटांचा रस्ता, आम्हाला वीस मिनिटं लागली. वाटेत जिथं त्यांच्या आईचं मिठागर होतं तिथं आता कुणाच्या तरी बंगल्याची भिंत होती, तिच्या सावलीत ते दोनदा टेकले. थांब्यावर अलिबागची गाडी उभीच होती, चालक चहा घेत होता. मी चढलो, खिडकीशी बसलो. सर खाली उभे होते, एक हात गाडीच्या पत्र्यावर टेकवून.

‘न्हावा शेव्याची ती नोकरी,’ म्हणाले, ‘तू माझ्यामुळं सोडलीस का?’

चालकानं गाडी सुरू केली. संस्थेत इतकी वर्षं मी त्यांना एक आकडाही चुकीचा दिला नव्हता, द्यायची हिंमतच नव्हती.

‘नाही सर,’ मी म्हणालो. ‘मला तिथं जायचंच नव्हतं. बायकोला पसंत नव्हतं.’

त्यांनी वर माझ्या तोंडाकडं बघितलं. दुसरा प्रश्न येईल म्हणून मी वाट पाहत होतो. बायको तर डोळे मिटून घ्या म्हणत होती, हे मीच त्यांना लाँचवर सांगितलं होतं, आणि ते काही विसरणारे नव्हते.

‘बरं झालं मग,’ म्हणाले, आणि हात काढून घेऊन घराकडं वळले.